खंदारे सरांनी घेतलेला कॉपीचा संशय

खंदारे सर आम्हाला चोर समजून भेटायला आले होते.

आज सकाळी परतूरला ते वारले. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे त्यांना देवमाणूस म्हणताहेत.
मला तसं म्हणवत नाही. सर फार संशयी होते.

आम्ही बारावीला होतो. वाटूरच्या आमच्या कॉलेजचे सराव परीक्षेचे फिजिक्सचे पेपर तपासायला परतूरला त्यांच्याकडे गेले होते.

एक प्रश्न होता, हेलियमच्या अणुकेंद्राची बाइंडिंग एनर्जी काढा.
सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या वस्तुमानातून अणुकेंद्राचं वस्तुमान वजा करायचं. जेवढं कमी भरतं, तेवढी त्यांना बांधून ठेवणारी ऊर्जा.

उत्तर 28.3.
आमच्या अख्ख्या वर्गाचं 27.3.

दुसऱ्या दिवशी सर बसने वाटूरला हजर.
"सगळ्यांची चूक एकच कशी?" ते प्राचार्यांना म्हणाले. "सामूहिक कॉपी लिहितो मी."

असा शेरा आला तर बोर्डाला बसू देणार नाही, असं प्राचार्यांनी आम्हाला बजावलं.
आमच्याकडचं पोरगं पास झालं की लोक आधी कॉपीचंच विचारतात. आता ते लेखी होणार होतं.

पण लिहायच्या आधी सरांनी आम्हाला मैदानात लांब लांब बसवलं. बाह्या वर करायला लावल्या.

माझी मैत्रीण सुनीता म्हणाली, "सर, बांगड्या बी काढू का?"
"काढ. बिलकुल काढ."
तिने काढल्या. सरांनी त्या हातात घेऊन आतून पाहिल्या.

मग प्रत्येकाला वेगळं अणुकेंद्र दिलं. मला लिथियम, सुनीताला कार्बन, कुणाला ऑक्सिजन. आता बघून लिहायची सोयच नव्हती.

कागद घेऊन ते उन्हात उभ्यानेच तपासू लागले.
माझं उत्तर दीडने कमी. सुनीताचं तीनने. ऑक्सिजनवाल्याचं चारने.

"कुणी शिकवलं यांना?"
आमच्या मॅडम पुढे आल्या. "मीच, सर. माझा विषय गणित. फिजिक्सची जागा रिकामी आहे."

सरांनी कागद त्यांच्यापुढे धरले.
"पुस्तकातल्या टेबलात अख्ख्या अणूचं वस्तुमान असतं, मॅडम. त्यातून इलेक्ट्रॉन वजा करायचे राह्यले. लिथियमचे तीन, कार्बनचे सहा, एकामागं अर्धा. प्रत्येकाचं बराबर तेवढ्यानंच कमी आलंय."

मग आमच्याकडे वळले.
"कॉपी न्हाई केली तुम्ही. पायऱ्यांचे मार्क देतो. उत्तराचा मिळणार न्हाई."

"मंग बांगड्या तरी द्या, सर," सुनीता म्हणाली.

शेरा लागला नाही. आम्ही सगळे बोर्डाला बसलो.

माझ्यावर संशय घेणारे पुढेही भेटले. नोकरीत भेटले, भाड्याचं घर शोधताना भेटले.
त्यांनी नुसता संशय घेतला.
तुम्ही तो उन्हात उभं राहून तपासलात.

माझा शेवटचा नमस्कार, सर.