न मागता बाता नाही

कुणी प्रवासाला निघो, परीक्षेला निघो, नाहीतर नुसतं भाड्याचं घर बघायला. गुलनारआपा त्याला आधी खुर्चीत बसवायच्या. ओंजळ उघडायच्या, कझाक भाषेत भराभर आशीर्वाद म्हणायच्या आणि दोन्ही तळहात स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवायच्या. ही त्यांची 'बाता'. अट एकच, ती मागावी लागे. "न मागता दिली तर ते नुसतं भाषण," असं त्या म्हणायच्या.

जर्मनीत, कोलोनच्या आमच्या संस्थेत त्या जुन्या तुर्की हस्तलिखितांतले अरबी शब्द हुडकत आणि मी ते संगणकावर चढवत असे. मी नागपूरची. पहिल्याच आठवड्यात दुधाच्या चहावर कलम, किताब, अक्कल, खबर असे दोघींचे सामायिक शब्द निघाले आणि आपांनी जाहीर करून टाकलं, "तू आमच्या घरातली. शनिवारी जेवायला यायचं!"

एकदा त्यांच्याच देशाहून आलेला एक तरुण अभ्यासक व्याख्यानात तावातावानं म्हणाला, की हे अरबी शब्द उपरे आहेत, कझाकमधून ते हाकलले पाहिजेत. आपा उठल्या.

"जरूर हाकल. पण घरून निघताना आजीकडून बाता घेतलीस ना? तीही परत कर. ती मूळची अरबी फातिहा. आपल्या पूर्वजांना 'फ' म्हणता येईना, म्हणून तिची बाता झाली. आता तिला पासपोर्ट कोण विचारतं?"

पठ्ठ्या कानापर्यंत लाल झाला. संध्याकाळी विमानतळावर जायच्या आधी मात्र गुपचूप बाता मागायला आला.

साऱ्या संस्थेला बाता वाटणाऱ्या आपांकडे त्यांच्या घरात ती कुणी मागत नव्हतं. मुलगी आलिया इथेच वाढलेली. आईनं कझाकमध्ये विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. "कळतं गं तिला सगळं," आपा म्हणायच्या, "मागत नाही, एवढंच." त्यांच्यासारख्या खमक्या बाईचा आवाज तेवढ्यापुरता बारीक व्हायचा आणि मला फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन त्या कायमच्या मायदेशी, अल्माटीला निघाल्या. विमानतळाच्या गाडीसाठी स्टेशनवर आलो, तेव्हा मी बाता मागून घेतली. आलिया मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी होती. आपांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बॅगेची चेन उगाच पुन्हा ओढली. तिला गदागदा हलवावं असं मला वाटलं, पण आपांची अट मला ठाऊक होती.

गाडी आली. आपांनी पायरीवर पाऊल ठेवलं आणि आलियानं त्यांची बाही धरली.

"मामा, वार्टे. इश विल आउख आइने बाता."

आई, थांब. मलाही एक बाता हवी.

आपा खाली उतरल्या. लेकीला बॅगेवर बसवून त्यांनी ओंजळ उघडली. एवढी लांबलचक बाता मी कधी ऐकली नव्हती. मध्येच दारं लागली, गाडी निघून गेली. आपांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

पुढच्या गाडीत चढताना त्यांचे डोळे वाहत होते, आवाज मात्र व्याख्यानातलाच. "ऐकलंस ना? बाता जर्मनमध्ये पोचली. आता विचारा म्हणावं पासपोर्ट!"