सायलेन्सरला चिकटलेली पिशवी

आमच्या जाऊबाई पडदे शिवतात. असे शिवतात की उलटी बाजूच सुलटी वाटावी. स्वभावही तसाच, आतबाहेर एक. त्यामुळे त्यांच्याशी भांडण पटकन जुंपतं, पण जिंकता येत नाही. हे मी अनुभवाने सांगते.

शिवलेले पडदे स्कूटरवरून दुकानांत पोचवायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. नवरा माझाच असला तरी खरं ते खरं, हा माणूस ‘निघालोच’ म्हणतो आणि आंघोळीला जातो. पडदे उशिरा पोचायचे आणि बोलणी जाऊबाईंना खावी लागायची. शेवटी एका मोठ्या दुकानदाराने काम काढून घेतलं. तेव्हा त्या सरळ सासऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि मोटरसायकल मागितली.

सासरे निवृत्त फिटर. मोटरसायकल त्यांचा जीव की प्राण. माझ्या नवऱ्यालाही ते ती फक्त धुवायला देतात. पण जाऊबाईंना त्यांनी चालवायला शिकवली आणि एकच अट घातली, नेली तशी आणायची. एक ओरखडा दिसला तर किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला जाईल, ती पुन्हा मागायची नाही.

पहिल्याच फेरीत घात झाला. मागे बांधलेलं गाठोडं एका बाजूला कललं आणि त्याची नायलॉनची पिशवी तापलेल्या सायलेन्सरला टेकली. पडदे वाचले, पण चकचकीत नळीवर तळहाताएवढा काळा थर चिकटून बसला. सासरे नणंदेकडे गेले होते आणि संध्याकाळी परतणार होते.

माझा नवरा मदतीला धावला, तोही सुरी घेऊन. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तर नळीच बदला म्हणून सांगितलं. जाऊबाईंनी माझ्या नवऱ्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

“इस्त्रीला कापड चिकटतं तेव्हा मी सुरी लावते का?” त्या म्हणाल्या. “मग इथे का लावू?”

त्यांनी थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं, मग बंद केलं. ओलं बोट लावून, इस्त्री बघतात तशी नळी बघितली. थर मऊ पडला होता. लाकडी पट्टीची कड त्याखाली हळूच सरकवायची, निघेल तेवढं काढायचं, सुती चिंधीला पुसायचं. थर कडक झाला की पुन्हा गरम करायचं. मी दोनदा म्हटलं, ताई, जरा जोर लावा. त्यांनी ऐकलंही नाही.

शेवटी पिवळट डाग उरला. त्यासाठी माझी नेलपॉलिश काढायची बाटली कामी आली. पण ते रसायन पेट घेतं म्हणून त्यांनी आधी नळी पार थंड होऊ दिली. मग पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासत बसल्या. त्यांचे गुडघे भरून आले, पण त्या उठल्या नाहीत.

डाग गेला आणि नवीनच पंचाईत झाली. तेवढीच जागा इतकी लखलखू लागली की बाकीची नळी मळकी दिसायला लागली. फिटरच्या नजरेतून हे कसं सुटणार? मी म्हटलं, थोडं तेल आणि धूळ चोळू या.

“मी डाग काढायला बसले होते, लपवायला नाही,” जाऊबाई म्हणाल्या. मी चिंध्या गोळा केल्या.

सासरे आले आणि चपला काढायच्या आधीच गाडीपाशी थांबले. “काय चिकटलं होतं?”

“पिशवी, बाबा. गाठोडं मी एकाच बाजूला जड भरलं. चूक माझी आहे.” त्यांनी स्वतःहून किल्ली पुढे केली.

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि चकाकत्या जागेवरून नख फिरवलं. एकदा उभं, एकदा आडवं. नख कुठेच अडकलं नाही. कसं काढलं ते त्यांनी विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि किल्ली घेऊन आत गेले. जाऊबाई खाली बघत उभ्या राहिल्या. मला त्या म्हाताऱ्याचा मनापासून राग आला.

आतून ठोकल्यासारखा आवाज आला. सासरे बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात पक्कड होती, पकडीत वाकलेला खिळा होता आणि दुसऱ्या हातात किल्ली.

“उरलेली नळीही अशीच कर,” ते म्हणाले. “आणि ही तुझ्यापाशीच ठेव.”

इतका वेळ घट्ट राहिलेल्या जाऊबाई तेव्हा रडल्या.