हिवाळाभर टिकणारं वॅक्स

पावसात भिजली म्हणजे गाडी धुतली गेली, असं मानणारा माझा नवरा एका रविवारी सकाळी म्हणाला, "चल, वॅक्स आणू. गाडी जरा चमकवू." मी पोळी उलटायची विसरले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा पावणेतीन वर्षं झाली होती. त्या दिवशी त्सुकुबातल्या आमच्या इमारतीखाली सायकलींची अख्खी रांग आमच्या गडद निळ्या गाडीवर कोसळली आणि दारावर ओरखडे उठले. ओळखीची बरीच कुटुंबं तेव्हा मुंबई-पुण्याला निघून गेली. आम्ही पाण्यासाठी रांगा लावल्या आणि राहिलो. ओरखडेही राहिले, त्यांचं याला कधी काही वाटलं नाही. मग आताच गाडीचा एवढा पुळका कशाला? आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबानं असंच एकदा गाडी घासूनपुसून लख्ख केली होती. महिन्याभरात आधी गाडी विकली गेली, मग ते मायदेशी गेले. शिवाय हल्ली पुण्याहून फोन आला की हा भर थंडीत, स्वेटरसुद्धा न घालता गॅलरीत जाऊन बोलायचा.

मला येत्या एप्रिलपासून इथल्या बालवाडीत कायमची नोकरी मिळणार होती. कित्येक वर्षं तासांच्या पगारावर राबून मिळवलेली. ती सोडायची नुसती कल्पनाही करवत नव्हती.

दुकानात वॅक्सचे डबे गाडीच्या रंगाप्रमाणे मांडलेले होते. पांढरे वेगळे, चंदेरी वेगळे, गडद वेगळे. नवऱ्याचं ऑफिस सगळं इंग्रजीत, त्यामुळे जपानी वाचायला मी लागतेच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं होतं, पण ताक मागायलाही बायकोच हवी होती.

"हे घेऊ?" त्यानं पांढऱ्या गाडीचा डबा उचलला.

"त्यात घासायची पूड असते. आपल्या रंगावर धुरकट दिसेल." मी गडद रंगाचे दोन डबे काढून वाचून दाखवले. एक लावलं की ओरखडे बुजतात, गाडी लगेच आरशासारखी दिसते. मात्र चार पावसांत सगळं उतरतं. दुसऱ्याला झगमग कमी आणि मेहनत जास्त, पण थर हिवाळाभर टिकतो, पाण्याचे गोल थेंब होऊन घरंगळतात. मला अशी थेंबांनी भरलेली गाडी आवडते. मी मुद्दाम दुसरा डबा पुढे केला.

"एवढं टिकून काय करायचंय?" तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"पुण्याला कधी कळवलंस?"

तो डब्यावरची अक्षरं बघत राहिला. त्याला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं.

"शुक्रवारी."

"काय कळवलंस?"

"मार्चअखेर येतो म्हणून. अगं, तिथे पोस्ट चांगली आहे. तुला सांगणारच होतो."

"गाडी विकल्यावर?"

त्यानं हातातला डबा परत फळीवर ठेवला. मला इतका राग आला की कान गरम झाले. संशय खरा ठरल्याचं समाधान वगैरे काही नसतं. मी हिवाळाभर टिकणारा डबा उचलला आणि काउंटरकडे निघाले. तो मागून आला, "आता हे कशाला घेतेस?"

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं. "एप्रिलपासून मला बालवाडीत जायला लागेल."