फूटरेस्टवरचं लाल फडकं

बसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. सिग्नलला थांबलो होतो. महादेवीवहिनींचा नंबर दिसला तेव्हाच शंका आली, कारण त्या घरून फोन करायचा तो बसू, वहिनी कधीच नाही. ‘भाऊजी, हे गेले की हो…’ एवढंच त्या म्हणाल्या. सिग्नल सुटला, मुलाने गाडी वळवली आणि माझे दोन्ही पाय आपोआप फूटरेस्टवर घट्ट दाबले गेले. वळण आलं की माझं हे असं होतं. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं होतंय. घरचे हसतात. म्हणतात, म्हातारा जन्माचा भित्रा. भित्रा आहेच मी, पण पायांचं कारण वेगळं आहे. ते बसूला माहीत होतं की नव्हतं, हे मी त्याला कधी विचारू शकलो नाही, आणि आता तर विचारायची सोयच उरली नाही.

सत्तरचं दशक अर्धं सरलं असेल. मी माढ्याहून अक्कलकोट तालुक्यातल्या एका गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू झालो. नोकरी कच्ची, कन्नडचा गंध नाही, आणि स्वभाव असा की रिकामा रस्ताही चारदा बघून ओलांडायचा. बसवराज, म्हणजे बसू, तिथे लस टोचायला होता. दुधनीचा, घरात कन्नड बोलणारा, मराठी बोलताना वाक्यावाक्याला ‘की’ लावणारा. पहिल्या दिवशी त्याने माझं नाव विचारलं आणि लगेच सोडून दिलं. ‘माढ्याचा न्हवं का बे? मग माढेकर.’ तेव्हापासून त्या तालुक्यात मी माढेकरच.

दवाखान्याला एक फटफटी होती. बसू चालवायचा आणि मी मागे, लशीचा बर्फाचा डबा मांडीवर दोन्ही हातांनी कवटाळून. धरायला तिसरा हात नाही. त्यामुळे निघाल्यापासून पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा. वाटेत किती वळणं आहेत ते मला पाठ होतं. एकेक मागे पडलं की मी मनात एक वजा करायचो.

बसूला मात्र वळणांचा फार लळा. वळण दिसलं की लांबूनच गाडी हळू करायचा आणि ‘निधान… निधान…’ असं गाडीशीच पुटपुटायचा, बैलाला चुचकारावं तसं. कन्नडमध्ये सावकाश म्हणायला तो शब्द. मला मान मागे न वळवता सांगत राहायचा, ‘वळनात शिरल्यावर ब्रेक मारतो तो पडतो बग. काय कमी करायचं ते आदीच करायचं की. आत गेल्यावर फकस्त जिकडं जायचंय तिकडं बगायचं. दगडाकडं बगशील तर दगडावरच जाशील.’ डांबर संपून मुरूम लागला की त्याचे हात बदलायचे, पकड सैल व्हायची. मुरमावर गाडी झोपवायची नाही, म्हातारीला हात धरून नेतात तशी उभी न्यायची. ओढ्यावरच्या शेवाळलेल्या फरशीवर नाकासमोर, ना जास्त ना कमी. आणि पाऊस होऊन काळी रानं चिकट झाली की गाडी सरळ गावाबाहेरच्या देवळाशी लावून तो चालायला लागायचा, माझ्या हातातला डबा आपल्या डोक्यावर घेऊन. ‘मागचं चाक वीतभर हललं तरी भ्यायचं न्हाय, हलू द्यायचं. ते आपलं आपन सरळ हुतंय.’ हे त्याचं लाडकं वाक्य. दवाखान्यात सगळे त्याला ‘गुरुजी’ म्हणून चिडवायचे.

हे सगळं चालवणाऱ्याने काय करायचं ते होतं. मागे बसणाऱ्याने काय करायचं, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुरीची काढणी आटोपत आली होती. त्या दिवसांत तिकडे लोक तुरीची वाळलेली झाडं डांबरी रस्त्यावर पसरून ठेवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी तुडवून जायच्या आणि शेंगा फुटायच्या, फुकटची मळणी. त्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर एका कडुलिंबाच्या वळणावर, अगदी वळणातच, कुणीतरी तूर अंथरलेली. काटक्यांखाली दाणे, डांबरावर सांडलेल्या गोट्यांसारखे. बसूने ते लांबूनच पाहिलं. गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगावर आणली. ‘निधान…’ म्हणाला आणि गाडी उभीच ठेवून तुरीवर घातली. मागचं चाक सरकलं. वीतभर. त्याने आधी शंभरदा सांगितलं होतं तेवढंच.

पण मी घाबरलो आणि डावा पाय जमिनीवर टेकवला.

चप्पल काटक्यांत अडकली, मी मागे ओढला गेलो आणि माझ्या वजनाने गाडी डावीकडे आडवी झाली. माझा पाय आधीच बाहेर होता, म्हणून मी बाजूला फेकला गेलो, खरचटण्यावर निभावलं. बसूचा डावा गुडघा गाडी आणि रस्त्याकडेच्या दगडाच्या मध्ये आला. डबा फुटून तुरीवर बर्फ पसरला होता. तूर पसरणारी म्हातारी ‘अय्यय्यो, अय्यय्यो’ करत धावत आली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. बसू दात आवळून तिलाच कन्नडमध्ये समजावत होता. तुझी काही चूक नाही, असं काहीतरी असावं.

दवाखान्याचे डॉक्टरसाहेब दुसऱ्या दिवशी बसूच्या खाटेपाशी आले. बसू म्हणाला, ‘माजाच अंदाज चुकला साहेब.’ साहेब माझ्याकडे वळले. ‘तुम्ही मागे होता. काय झालं?’ माझी नोकरी कच्ची होती. माढ्यात वडिलांनी सगळ्यांना पेढे वाटले होते. ‘काही कळलंच नाही साहेब,’ मी म्हणालो.

फटफटी बसूच्या हातातून काढून दुसऱ्याला दिली. त्याचा गुडघा पुरता वाकेना, तो कायमचा लंगडू लागला. पुढची दोन वर्षं तो दवाखान्यात टेबलाशी बसून होता आणि येणारा-जाणारा म्हणायचा, ‘काय गुरुजी, जगाला वळणं शिकवली आन् स्वतःच आडवे?’ तो हसायचा. मी औषधांच्या बाटल्या पुसत बसायचो. पुढे माझी बदली झाली, नोकरी पक्की झाली, त्याने स्वतःची जुनी गाडी घेतली आणि तो ताठ पायाने तीस वर्षं चालवत राहिला, पुन्हा एकदाही न पडता. आम्ही भेटत राहिलो. दर भेटीत मी ठरवून जायचो, आज सांगायचं. आणि न सांगता परत यायचो.

त्याच्या मातीला गेलो तेव्हाही कुणीतरी जिव्हाळ्याने तोच किस्सा काढला. वळणावर पडलेला बसू. लोक रडता रडता हसले. मी खाली मान घालून उभा राहिलो.

गेल्या आठवड्यात पुन्हा दुधनीला गेलो. वहिनींनी मागच्या शेडमध्ये नेलं. पोत्याखाली गाडी उभी होती. मागच्या दोन्ही फूटरेस्टना लाल फडक्याच्या पट्ट्या करकचून बांधलेल्या, विटून गुलाबी पडलेल्या. ती फडकी मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. नजर लागू नये म्हणून असतील, असं समजत होतो.

‘हे बगा,’ वहिनी म्हणाल्या, ‘कुनी बी मागं बसाय आलं की आदी हे दाखवायचे. काय बी झालं तरी पाय हितनं उचलायचा न्हाय. लग्न झाल्यावर मला बी पयलं हेच सांगितलं. म्हनायचे, एका दोस्ताला सांगायचं ऱ्हायलं माज्याकडनं, त्यानं भिऊन पाय टेकवला, म्हनून पडलो. त्येची चूक न्हाय. सांगायचं काम माजं हुतं.’ मग थांबून म्हणाल्या, ‘दोस्त कोन, ते काय शेवटपतुर सांगितलं न्हाय. तुमाला ठाऊक असंल की, भाऊजी?’

‘नाही बुवा,’ मी म्हणालो.

वहिनींनी पोतं पुन्हा गाडीवर ओढलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी चहा प्यालो, एसटी पकडली आणि सोलापूरपर्यंत सगळ्या वळणांना पाय दाबून बसलो. साहेबांसमोर घाबरलो तेव्हा पंचविशीत तरी होतो. आता सत्तरी उलटली, नोकरी जायची भीती नाही, वडील नाहीत, साहेब नाहीत, आणि तरी जीभ रेटली नाही. तोंडाने जमत नाही हे ओळखून लिहायला घेतलं आहे. वर्तमानपत्राची ही रविवारची पुरवणी दुधनीत जाते. बसू शेजारून मागून आणायचा आणि वहिनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचायच्या, हे मी पाहिलेलं आहे. वाचून त्या काय म्हणतील, पुन्हा दारात उभं करतील की नाही, या धास्तीने चार रात्री झोप नाही.

वहिनी, त्या वळणावर वेग जास्त नव्हता आणि बसूचा अंदाजही चुकला नव्हता. मातीला हसले त्या सगळ्यांना हे सांगा. पाय मी टेकवला होता.