ऑरव्हल स्टेन्सरूडचे चौदा दोर

मॉन्टानाच्या त्या गवताळ टापूत वासरांना डाग द्यायच्या दिवशी शेजारी न बोलावता हजर होतात. पण घोड्यावरून दोर टाकून वासरू अडकवायचा मान रँचचा मालक सांगेल त्यालाच. बाकीच्यांनी वासरं दाबून धरायची, लोखंड तापवायचं, आणि अधूनमधून दोर टाकणाऱ्याची टर उडवायची. शहात्तर वर्षांच्या ऑरव्हल स्टेन्सरूडनं खांद्याच्या ऑपरेशननंतर सलग तीन वर्षं हा मान शेजारच्या ड्वाइट पेल्कीला दिला होता. ड्वाइटच्या दोराला वासराच्या मागच्या पायांचा पत्ता तोंडपाठ होता.

चौथ्या वर्षी डेन्व्हरहून ब्रिन नावाची मुलगी दहा मिनिटांचा माहितीपट करायला आली. रँचवरचं अगदी खरंखुरं आयुष्य हवं होतं तिला. म्हणून तिनं आधी गुरं वळवायची चारचाकी बाइक गोठ्यामागे लपवायला लावली आणि ऑरव्हलच्या बायकोच्या, व्हर्नाच्या डोक्यावरची बेसबॉलची टोपी उतरवली. मग तिला ऑरव्हल दिसला. दोर यांनीच टाकायचा, असा चेहरा शोधून सापडत नाही, म्हणाली.

"दोर काय चेहऱ्यानं टाकतात?" व्हर्नानं विचारलं.

ऑरव्हल कुठला ऐकतोय. तीन वर्षं कुंपणाशी उभा राहून तो मनातल्या मनात दोर टाकत आला होता, आणि मनात त्याचा एकही चुकला नव्हता. आपल्याला अजून जमतं, एवढंच त्याला एकदा बघायचं होतं.

पहिला दोर मातीत पडला. दुसरा, तिसराही. सातव्याला घोड्यानंसुद्धा मान वळवून मागे पाहिलं. कुंपणाशी वीस माणसं, पण टर उडवायला एकानंही तोंड उघडलं नाही. त्या शांततेनंच त्याला घाम फुटला. त्यानं रिवाजाप्रमाणे ड्वाइटला आणि त्याच्या बायकोला, लोर्नाला, सोबत दोर टाकायला बोलावलं.

ड्वाइटचा चुकला. लोर्नाचाही. ड्वाइटचा पुन्हा चुकला. ऑरव्हलला केवढं हायसं वाटलं! दिवसच वाईट म्हणायचा. स्वतःचे चौदा वाया गेल्यावर पंधरावा बसला, तेव्हा तो कॅमेऱ्याकडे बघून चक्क हसला. दुपारी आटपणारं काम तिन्हीसांजेला आटपलं.

हिवाळ्याच्या तोंडावर गावच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवला. ही कला आता लोप पावत चालली आहे, असं ब्रिनचा आवाज हळहळून सांगत होता, आणि दोर टाकायच्या शर्यतीत दरवर्षी बक्षिसं आणणारे पेल्की नवराबायको मान डोलावत कॉफी पीत होते. मग पडद्यावर ड्वाइट जवळून दिसला, तोही संथ गतीत. दोर नेमका पायांवर उतरत होता. ड्वाइटनं तिरक्या नजरेनं ऑरव्हलकडे पाहिलं, अलगद मनगट वळवलं आणि दोर गवतात सोडून दिला.

हॉलमधल्या सगळ्यांना एकदम आपापल्या कपात काहीतरी दिसलं. ऑरव्हलचे कान तापले.

बाहेर गाडीपाशी त्यानं ड्वाइटला गाठलं. "तुझा हात असा चुकत नाही कधी."

"वारा होता ना त्या दिवशी," ड्वाइट बुटांकडे बघत म्हणाला.

पडद्यावर गवताचं पातंही हललं नव्हतं. ऑरव्हल बराच वेळ गाडीच्या दारावरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिला.

"होता खरा," तो म्हणाला. "फारच होता. पुढच्या वर्षीही असेल. दोर तूच टाक."