आबांना कळलेली झडप

मंडळी, नगरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. राहुरीच्या एसटीला अवकाश आहे आणि माझा राग काही शांत होत नाही.

आज दवाखान्यात मला डाव्या कुशीवर झोपवून पाच विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं माझ्या छातीतली घरघर ऐकली. "आडवं झाल्यावर हिला दम का लागतो?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. पाचही जण आपापल्या वह्या चाळू लागले.

"पोरीला झालंय काय?" माझ्या वडिलांनी, आबांनी विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं. बाहेर थांबा," मोठे डॉक्टर म्हणाले.

मी ताडकन उठून बसले. "आबा इथंच थांबतील. हृदय माझं आहे, आम्हाला सांगा."

एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "हृदयातली झडप अरुंद झालीय. रक्त फुफ्फुसातून येतं, पण पुढं नीट जात नाही."

आबांनी कालव्यावर पाटकरी म्हणून जन्मभर पाण्याची दारं उघडली. ते लगेच म्हणाले, "दार अर्धंच उघडलं तर मागं तुंबनारच की! फुफ्फुसात तुंबलं, म्हनून आडवं झालं की हिला दम लागतो. व्हय ना, डॉक्टर?"

डॉक्टरांनी मान हलवली आणि आबांकडं खुर्ची सरकवली.

पुढच्या वेळी खुर्ची आम्हीच ओढून घेणार. तुम्हाला 'बाहेर थांबा' म्हटलं, तर तुम्ही खरंच बाहेर जाता?