देवाला वाहिलेल्या पाच फण्या

वैशाखरे गावच्या कमळू गोजरने १९३८ साली उवा काढायची लाकडी फणी केली. तिच्या दातांमध्ये सरकती पट्टी होती. ती ढकलली की अडकलेल्या उवा खाली पडत. मुंबईचा एक कारखानदार ती बनवून विकायला तयार होता, पण आधी पेटंट हवे होते.

मुरबाडच्या वकिलांनी अर्ज कमळूपुढे सरकवला. ‘लोकांत आधीच गेलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही. म्हणून घराबाहेर कुणी ही फणी पाहिलेली नाही, असं लिहिलंय. अंगठा कर.’

कमळूचा शाई लावलेला अंगठा कागदावर टेकला नाही.

‘पयल्या पाच म्हसोबाला वाहिल्या, सायेब. नवी वस्तू आदी देवाची. टोकावड्याच्या जत्रेत पुजाऱ्यानं त्या बायकांना वाटल्या.’

वकील म्हणाले, ‘कुणी हरकत घेतली तर तू खोटा ठरशील. नाही घेतली तर हक्क तुझा. बोलणार कोण?’

‘टोकावड्याच्या उवा,’ कमळूची बायको बाईजा दारातून म्हणाली. ‘बाकी कोन नाय.’

वकील हसले. कमळू हसला नाही. त्याने अंगठा धोतराला पुसला.

पुढच्या जत्रेत दुसऱ्यांनी केलेली तीच फणी तीन दुकानांत होती. एका फणीची पट्टी अडकत होती. कमळूने ती तिथेच घासून दुकानदाराला परत दिली.